डब्यातली किल्ली

“बाबा, किल्ली तुमच्या खिशात आणि चोर तुमच्या शेजारी. मग गाडी त्यालाही उघडेल का?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, नव्या गाडीचं सतत कौतुक करणाऱ्या बाबांना हे विचारायची लेकीची छातीच होणार नाही म्हणून. तिने भर जेवणात विचारलं. बाबांचा घास हातातच राहिला. या गाडीची किल्ली फिरवावी लागत नव्हती. नुसती जवळ असली की दार उघडायचं आणि बटण दाबलं की इंजिन सुरू. म्हणजे कोणी किल्लीचा सिग्नल लांबूनच पकडला तर?

त्या दिवसापासून घरात हुकूम सुटला : किल्ली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. बंद पत्र्यातून सिग्नल बाहेर पडत नाही म्हणे.

वक्तृत्व स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या सकाळी बाबांनी गाडी सुरू केली आणि पाण्याची बाटली विसरली म्हणून ते घरात आले. आईने तत्परतेने त्यांच्या हातातली किल्ली घेतली, डब्यात टाकली, झाकण दाबलं. चालू इंजिन किल्ली नाही म्हणून बंद पडत नाही. गाडी नुसती कुरकुरत, टूं टूं करत निघाली.

“बाबा, काय वाजतंय?”

“तुझा पट्टा नीट लाव.”

चौकात लाल दिवा लागला. बाबांनी पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं. हिरवा लागला, बटण दाबलं, तर पडद्यावर अक्षरं : ‘किल्ली सापडत नाही.’ बाबा सगळे खिसे चाचपू लागले. मागे भोंग्यांचा कल्लोळ.

“बाबा, बोलायला माझा तिसरा नंबर आहे. चुकला तर गेलंच सगळं.”

तिने आईला फोन लावला. थोड्या वेळाने आई टॅक्सीतून उतरली ती डबा पोटाशी कवटाळूनच, आणि मागच्या सीटवर बसली. बाबांनी बटण दाबलं. गाडी ढिम्म.

“अगं, झाकण उघड.”

“भर चौकात? तुम्हीच म्हणालात ना, चोर आसपासच असतात. तो हेल्मेटवाला बघा, कधीचा टक लावून बसलाय.”

“काकू,” हेल्मेटवाला म्हणाला, “तुमची गाडी माझ्या पुढ्यात आहे. दुसरीकडे कुठे बघू?”

तिला भाषणाचा पहिला शब्दही आठवेना. तिने डबा ओढून घेतला, झाकण उचकटलं, किल्ली स्वतःच्या खिशात घातली. इंजिन सुरू झालं.

शाळेच्या फाटकाशी बाबांनी इंजिन बंद करून घाम पुसला. “पळ आता. आम्ही निघतो, मला ऑफिस गाठायचंय.”

ती एव्हाना पायऱ्यांवर पोचली होती. खिसा थोपटत ती वळली.

“किल्ली माझ्याकडेच राहणार. तुम्ही दोघं आत येऊन माझं भाषण ऐकताय. मी ठरवलंय.”