साखरेचा गुण

समाजसेवेचे शेवटचे दोन तास भरले की परीक्षेचा फॉर्म मिळणार होता. म्हणून फार्मसीच्या शेवटच्या वर्षाची ती दोघं, सगळा वर्ग जिला ताई म्हणे ती आणि तिचा जोडीदार लंबू, अर्धवट झोपेतच प्राथमिक शाळेत पोचली. चौथीच्या मुलांना आरोग्यसेवेतल्या नोकऱ्यांची ओळख करून द्यायची होती. नर्स, लॅबवाले, फिजिओथेरपिस्ट अशी यादी ऐकून मुलं जांभया देऊ लागली, तशी वाचणाऱ्या लंबूलाही जांभई आली. मग ताईने रिकाम्या कॅप्सूल काढल्या आणि त्यांत पिठीसाखर भरायला दिली. खायच्या नाहीत, हे तिने तीनदा बजावलं.

मुलांनी ऐकलं. वर्गाच्या बाईंनी नाही. त्यांचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. त्यांनी मागच्या बाकावरची एक कॅप्सूल उचलली, पाण्याबरोबर घेतली आणि पाव तासात त्यांचं डोकं ठणकायचं थांबलं. ही बातमी त्यांनी स्वतःच शिक्षकांच्या खोलीत पोचवली.

मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर रांग लागली. गणिताच्या सरांची पाठ, शिपाईकाकांची टाच, चित्रकलेच्या बाईंची झोप. आत नुसती साखर आहे, असं ताई प्रत्येकाला सांगत होती. गणिताचे सर म्हणाले, औषधाचं नाव सांगायचं नसेल तर राहू द्या, आम्ही समजू शकतो. शेवटी मुख्याध्यापिका गुडघा धरत आल्या. तास भरल्याच्या सहीचा कागद त्यांच्याच हातात होता.

"बाई, खरंच साखर आहे हो." ताई रडकुंडीला आली होती.

"मग मला चालायची नाही. बिनसाखरेची दे."

लंबूने एक रिकामी कॅप्सूल पुढे केली. बाईंनी ती गिळली, थोडा वेळ बसल्या, जिना चढून पाहिला आणि सही केली.

कॉलेजात फॉर्म देणाऱ्या सरांनी तो कागद वाचला. शेऱ्यात लिहिलं होतं, 'औषधाचा उत्तम गुण आला. दरमहा पाठवावे.' सरांनी उठून दार लावून घेतलं. आता फॉर्म गेला, वर्ष गेलं, एवढंच दोघांना कळत होतं. ताईने काही न लपवता सगळं सांगितलं. चौदा वर्षं औषधशास्त्र शिकवणारे सर कपाळ चोळत ऐकत राहिले. टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग त्यांच्या हनुवटीपर्यंत आला होता.

"उरल्यात का काही?" त्यांनी विचारलं.

"सर, साखर आहे ती."

"माहितीये," सर म्हणाले. "दोन दे."