तुळशीरामभाऊ आणि मायाळू चढ

तालुक्यात कोठेही उतार दिसला की तुळशीरामभाऊ खिशातून लिंबू काढतात. ते उताराच्या माथ्यावर ठेवतात, बोट सोडतात आणि लिंबाच्या वागणुकीवरून निकाल देतात. लिंबू रमतगमत खाली आले, तर “चढ मायाळू हाय.” उसळत पळाले, तर “हा चढ नोहे, वैरी होय.” बाजारातल्या नव्या दुकानाचा चढ वैरी निघाला. मंगल कार्यालयाचा सावत्र निघाला. आमच्या कचेरीला पायऱ्याच आहेत, उतार नाही; सबब तिला त्यांनी विचारातच घेतले नाही.

त्याच कचेरीसमोर पत्र्याच्या छपरीखाली टेबल मांडून मी कित्येक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि ‘सबब’ आणि ‘तथापि’ यांची जागा माझ्या हातून कधी चुकली नाही, हे नम्रपणे नमूद करतो. तुळशीरामभाऊ मला ‘मुनशीजी’ म्हणतात. स्टेशनामागे त्यांचा वांग्या-मेथीचा मळा आहे. पत्नी निवर्तली, मूलबाळ नाही. घरात बोलायला कोणी नसल्यामुळे ते मेथीला रागावतात आणि वांग्यांची समजूत काढतात, असे बाजारात सांगतात. मी स्वतः ऐकले आहे. समजूत चांगली काढतात.

एके सकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले. “स्टेशनाचा अर्ज लिहा, मुनशीजी. पायऱ्या नाई पाह्यजे, चढ पाह्यजे. अन् फलाट उंच पाह्यजे.”

आमचे स्टेशन काळ्या दगडाचे, कमानींचे, गोऱ्या साहेबाच्या अमदानीतले. वास्तू जुनी व मोलाची, म्हणून तिचा एकही दगड हलवू नये, असे वरून हुकूम. आत शिरायला गुडघ्याएवढ्या पायऱ्या; आणि फलाट इतका बुटका, की डब्यातून उतरणारा माणूस आधी देवाचे नाव घेतो आणि मग पाय सोडतो.

“अर्जदाराची स्वतःची अडचण काय?” मी विचारले. “ती लिहावी लागते.”

“लिहा, चाकाच्या खुर्चीवरच्या लोकाईची गैरसोय.”

“हे लोक कोण?”

त्यांनी खिशातले लिंबू काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, “माही वच्छी.”

वच्छलाबाई त्यांची धाकटी बहीण. हिंगोलीकडे दिलेली. आजारपणात दोन्ही पाय गेले. त्यानंतर पहिल्यांदा दिवाळीला आली, तेव्हा चार हमालांनी तिला खुर्चीसकट उचलून फलाटावर ठेवले. गर्दीतून कोणी तरी ओरडले, “जपून रे, माल नाजूक हाय!” सगळा फलाट हसला. बाई घरी गेलीच नाही. परतीची गाडी येईपर्यंत तिथेच बसली आणि भावाला म्हणाली, “दादा, माहेरच्या फलाटावर मी पोतं होऊन उतरणार नाई. माह्या चाकावर येईन, नाईतर येणार नाई.”

तेव्हापासून ती अकोल्याच्या दवाखान्यात जाताना इथे गाडी थांबे तेवढा वेळ भाऊ खिडकीशी उभे राहत. मेथीची जुडी आत जाई. भाऊबीजेचे कुंकू गजांतून बाहेर येई.

हे ऐकून मी लेखणी सरसावली. ‘मायमाउलींच्या चरणांस वंचित झालेली ही ऐतिहासिक पायरी’ येथपासून आरंभ केला. मी वाचून दाखवत असता भाऊंनी मला थांबवले. “एवढं गोड नका लिहू. साहेबाले झोप लागन.” मी ते वाक्य गाळले नाही, परंतु शेवटी नेले.

अर्ज गेले, स्मरणपत्रे गेली, आणि अखेर काम निघाले. कमानींना धक्का न लावता बाजूच्या जुन्या मालखोलीच्या दारातून चढ काढायचे आणि फलाट उंच करायचे ठरले. पहिला चढ तयार होताच भाऊंनी लिंबू सोडले. ते थेट ऑटोच्या रांगेत गेले. झाडूवाल्या बाईने लिंबू पाहिले आणि ती जागा झाडायचे नाकारले. “करणी हाय, मी नाई हात लावत.” ठेकेदार धावत आला.

“ओ बुवा, पूजा झाली आमची!”

“पूजा झाली, पन चढ नाई झाला. तुमी सोता बसा खुर्चीत, मी सोडतो.”

ठेकेदार बसला नाही. चढ मात्र पुन्हा लांबवून घातला गेला, याला माझे तिसरे स्मरणपत्र कारण झाले, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्या चढावरून लिंबू अगदी सासरी निघालेल्या लेकीसारखे, थांबत थांबत उतरले. भाऊंनी ते उचलून कपाळाला लावले.

आणि वच्छलाबाई आली. डब्यातून नव्या उंच फलाटावर लोखंडी पत्रा टाकला गेला, आणि ती स्वतःच्या हातांनी चाके फिरवत उतरली. कोणालाही मागे हात लावू दिला नाही. भाऊ दोन्ही हात पुढे धरून, न शिवता, मागे चालत होते. मालखोलीच्या दारातून ती रस्त्यावर आली आणि म्हणाली, “दादा, चाल, आता घर दाखव.”

मळा जवळच. मीही सोबत होतो. अंगणात पोहोचलो आणि तिघेही थांबलो.

भाऊंच्या घराला तीन उंच दगडी पायऱ्या आहेत. वर वीतभर उंबरठा.

सगळ्या तालुक्याचे उतार तपासणारा तो माणूस स्वतःच्या दाराकडे पाहत उभा राहिला. वच्छलाबाई आधी हसली. मग त्यांचे तोंड पाहून तिने चाके त्यांच्याकडे वळवली.

“वच्छे,” ते म्हणाले, “मी रोज मनात तुले गाडीतून उतरवत होतो. फलाटापर्यंतच. घरात आलेली तू मले कधी दिसलीच नाई वं.”

“आपण दोघे धरू,” मी म्हणालो. बाईने माझ्याकडे असे पाहिले की मी प्रस्ताव मागे घेतला.

तेव्हा भाऊ आत गेले. आईचा पाटा-वरवंटा घेऊन आले. तो तिच्या पुढ्यात ठेवला. मग बापाची बाज आणली. देव्हारा आणला. पाणी भरण्याचा पितळी गुंड, पाळण्याची कडी, भिंतीवरचा आरसा, मीठ ठेवायची बरणी. दुपारपर्यंत सगळे घर अंगणात आले. बाई एकेका वस्तूवरून हात फिरवत होती. “हे इकडं सरकव. चूल इथं होती ना आईची?” भाऊ सांगितले तसे सरकवत होते. तिने तिथेच वांग्याचे भरीत केले. मी जेवलो. भरिताबद्दल कोठेही अर्ज करण्यास जागा नव्हती.

संध्याकाळच्या गाडीने ती गेली, स्वतःच्या चाकांवर, ताठ मानेने.

आम्ही परत आलो तेव्हा सामान तसेच मांडलेले होते. मी बाजेला हात घातला. “चला, आत घेऊ या. दव पडेल.”

“राहू द्या, मुनशीजी.” ते बाजेच्या कडेला बसले, दुसरी बाजू मोकळी सोडून. “इथं हाय तोवर माहेर हाय. आत नेलं का मंग नुसतं सामान होऊन जाते.”