बारा पावलांवरचा पाइप

“नकाशा कशाला हवा? पाइप मी पुरलाय, माझ्या हातानं. डोळे बांधून शोधून दाखवतो,” असं निवृत्त मोजणीदारांनी मुलीला सांगितलं आणि कुदळ खांद्यावर घेतली. पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी इंचाइंचानं मोजलेला माणूस. स्वतःच्या अंगणातल्या पाइपाचा कागद मात्र त्यांनी कधी केला नव्हता.

घाई होती. हिरवळीवरच्या फवाऱ्यांचा पाइप जमिनीखाली कुठंतरी फुटला होता आणि अर्ध्या हिरवळीचा चिखल झाला होता. गुडघ्याचं ऑपरेशन करून बायको संध्याकाळी घरी येणार होती. तिनं रोज हिरवळीवर चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मऊ, सपाट आणि कोरड्या.

“नळापासून सरळ बारा पावलं, मग डावीकडे पाच,” असं पुटपुटत मोजणीदार चालले, थांबले, खणू लागले. गांडुळं निघाली.

“बाबा, नीट आठवा हं.”

“आठवायचं काय त्यात? बारा म्हणजे बारा!”

दुसऱ्या खड्ड्यात वीट निघाली. तिसऱ्यात बायकोची कात्री, जिच्यावरून एका मोलकरणीला उगाच बोलणी बसली होती. चौथ्यात काहीच निघालं नाही, तेव्हा मुलीच्या डोक्यात प्रकाश पडला.

“ही पावलं कधीची, बाबा?”

“अठरा वर्षांपूर्वीची.”

“तेव्हा तुम्ही ढांगा टाकायचात. आता तुरुतुरु चालता.”

मोजणीदारांनी कुदळ खाली टेकवली. मग त्यांनी जावयाला हाक मारली. जावई ताडमाड. “जावईबापू, जरा माझ्यासारखं चाला, तरुणपणीच्या,” असं सासऱ्यांनी सांगितल्यावर तो बिचारा छाती काढून निघाला आणि अकराव्या पावलाला कुंपणावर आपटला.

“म्हणजे पाइप आपल्या दोघांच्या मधे,” मोजणीदारांनी निकाल दिला. मधे बरीच जागा होती. तिच्यात आणखी पाच खड्डे बसले.

फाटकाशी टॅक्सी थांबली. बायको काठी टेकत उतरली आणि अंगणाकडे बघत राहिली.

“घूस लागली का हो?”

“पाइप शोधतोय.”

“मग त्या पट्टीवर खणा की! उन्हाळ्यात सगळं पिवळं पडतं, पण पाइपावरचं गवत तेवढं हिरवं राहतं. तुम्ही चर खणलेला ना, माती भुसभुशीत झालीय तिथली. अठरा वर्षं बघतेय मी.”

“मग बोलली नाहीस कधी?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

पट्टी खरंच होती. हिरवीगार, फूटपट्टीनं आखल्यासारखी, सगळ्या खड्ड्यांना शिताफीनं चुकवून गेलेली. मोजणीदारांना इतका आनंद झाला, की कुदळ उचलून ते त्या पट्टीकडे धावतच सुटले.

वाटेत सहावा खड्डा होता.

बायको ज्या टॅक्सीनं आली, त्याच टॅक्सीनं मोजणीदार हॉस्पिटलात गेले.