पिशवीसकट तोललेली सहल

वॉशिंग मशीन घ्यायचं असं घरात ठरलं, तेव्हा मुलगी शाळेत होती. आता ती लग्न होऊन सासरी गेली, तिच्याकडे मशीन आलंसुद्धा, आणि इथे तपासनिसांचा अभ्यास अजून चालूच होता. पुढून उघडणारं घ्यावं की वरून, ते पाणी किती पितं, आवाज किती करतं, याचा त्यांनी कसून शोध घेतला होता. शोध संपत आला की बाजारात नवीन मॉडेल यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोवर चादरी, पडदे आणि खुद्द तपासनिसांचे पांढरे सदरे त्यांची बायको हाताने धूत होती. ती शाळेत चित्रकला शिकवायची. हल्ली तिचा उजवा खांदा इतका दुखायचा की फळ्यावर वरच्या बाजूला डोंगर काढायचे असले तर ती स्टुलावर चढायची आणि मुलं खाली स्टूल धरून उभी राहायची.

तपासनीस वजनमापे खात्यात होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू आणि मापं तपासायची, खोटं सापडलं की दंड करायचा. गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी त्याला कळेल अशा आकड्यात भाव दिसला पाहिजे, हे त्यांचं ब्रीद होतं, आणि ते कोणाच्या बारशालासुद्धा बोलून दाखवत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला त्यांनी एकदा भर दुकानात दंड केला होता. तो साखर कागदी पिशवीसकट तोलायचा. "साहेब, साखर चोख, काटा चोख, मग गुन्हा काय?" असं तो काकुळतीला येऊन विचारत होता. "पिशवी साखरेच्या भावाने विकलीस, हा गुन्हा," असं तपासनीस म्हणाले आणि त्यांनी पावती फाडली. तेव्हापासून तो दुकानदार त्यांना नमस्कार मात्र अगदी वाकून करायचा.

अशा माणसाच्या बायकोने गल्लीतल्या वाचनालयाच्या परदेश सहलीत दोघांची नावं परस्पर देऊन टाकली. खर्चाचं त्यांना काही वाटलं नाही. पण त्याच सकाळी त्यांनी पेपरात वाचलं होतं की परदेशात कार्डाने पैसे दिले की बँक प्रत्येक वेळी वर आपलं शुल्क लावते. त्यांचं तोंड कडू झालं. वस्तू दुकानदाराची, पैसे माझे, मग मध्ये हात घालणारी ही बँक कोण, असं ते दिवसभर स्वतःशीच पुटपुटत राहिले. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की परदेशी व्यवहाराचं शुल्क न घेणारं कार्ड मिळाल्याशिवाय ते घरातून पाऊल बाहेर टाकणार नाहीत.

आता बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. सहलीला महिनाच उरला होता. या घरात साधी इस्त्री निवडायला एक उन्हाळा गेला होता, हे तिला आठवलं.

पण तपासनीस झपाटल्यासारखे कामाला लागले. एका बँकेचं कार्ड शुल्क घेत नव्हतं, पण नुसतं बाळगायलाच दरवर्षी भरपूर पैसे मागत होतं. दुसऱ्या बँकेत फक्त पहिलं वर्ष शुल्क नव्हतं. तिसऱ्या बँकेतल्या मुलीने हसून सांगितलं की आमच्याकडे शुल्क शून्य आहे. तपासनिसांनी खुर्ची पुढे ओढली.

"शून्य म्हणजे नेमकं किती?"

त्या मुलीला नोकरी लागून आठवडाच झाला होता. तिने आधी संगणकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "शून्य म्हणजे काहीच नाही, सर," ती हळूच म्हणाली.

"कोणत्या दिवशी? कोणत्या देशात? रविवारीसुद्धा?"

मग मॅनेजरला बोलवावं लागलं. मॅनेजरने रविवारसकट लेखी दिलं तेव्हा कुठे तपासनिसांनी सही केली. ते बाहेर पडल्यावर त्या मुलीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, असं पुढे कानावर आलं.

निघायच्या आदल्या दिवशी कार्ड हातात पडलं. तपासनिसांनी ते उजेडात धरून पाहिलं. मग बायकोचं जुनं, शुल्कवालं कार्ड मागून घेतलं आणि कपाटात कुलपात ठेवलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती. तशीच थांबून तिने एक पैज लावली.

"तुमच्या या कार्डाने खरंच पैसे वाचले, तर मशीनबद्दल मी पुन्हा तोंड उघडणार नाही. जन्मभर धुवीन. पण माझ्या जुन्या कार्डाने गेले असते त्याहून जास्त गेले, तर आल्या आल्या मी दुकानात जाऊन समोर दिसेल ते मशीन उचलणार. तुम्ही माहितीपत्रक मागायचं नाही."

तपासनिसांनी लगेच हात पुढे केला. हरायची शक्यताच नव्हती, त्यांच्याकडे मॅनेजरची सही होती.

परदेशातल्या पहिल्याच दुकानात तपासनिसांना सुखद धक्का बसला. त्यांनी कार्ड लावलं, तर काउंटरवरच्या छोट्या मशीनवर दोन आकडे आले. एक तिथल्या चलनात, एक आपल्या चलनात, आणि खाली प्रश्न, की कशात देणार. तपासनिसांचा ऊर भरून आला. इतक्या दूर, कोणी ओळखीचं नसताना, गिऱ्हाइकाला कळेल अशा आकड्यात भाव दाखवण्याची केवढी ही सोय. आपल्या बाजारात हे रुजवता रुजवता त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी दिमाखात आपल्या चलनाचं बटण दाबलं आणि दुकानदाराशी हस्तांदोलन केलं. दुकानदार बिचारा गोंधळला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला पाव आणि अंडी खाता खाता त्यांनी सगळ्या सहलीचा वर्ग घेतला. परके आकडे बघून भुलू नका, मशीनने विचारलं की आपलं चलन निवडा, म्हणजे किती गेले ते जागच्या जागी कळतं, हे त्यांनी सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतलं. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी आजवर कोणाकडून काही शिकून घेतलं नव्हतं, पण त्यांनीसुद्धा मान डोलावली. किराणा दुकानदारही बायकोला घेऊन सहलीला आला होता. तो कोपऱ्यातून वाकून म्हणाला, "साहेब सांगतात म्हटल्यावर प्रश्नच नाही."

मग काय विचारता. बाईंनी भाचीसाठी मनगटी घड्याळ घेतलं आणि आपलं चलन निवडलं. कोणी बूट घेतले, कोणी पेट्या घेतल्या. दुकानातून बाहेर आल्यावर एकेक जण तपासनिसांना सांगून जायचा की तुम्ही म्हणालात तेच बटण दाबलं. ते सहलीला आले होते की दौऱ्यावर, हेच कळेनासं झालं.

गालबोट लागलं ते एका छत्रीवरून. तपासनीस तिच्या हाती पाकीट देऊन स्वच्छतागृहात गेले असताना पाऊस आला, बायकोने त्यांचं कार्ड घेऊन पटकन छत्री विकत घेतली, आणि चष्मा पर्समध्ये तळाशी असल्यामुळे मशीनवर जे बटण आधी दिसलं ते दाबलं. ते निघालं तिथल्या चलनाचं. तपासनिसांनी त्याच छत्रीखाली उभं राहून तिला झापलं.

"अगं, निदान वाचायचं तरी. किती गेले ते कळलं का तुला?"

"छत्रीचे गेले," ती म्हणाली. "तुम्ही जरा आत सरका, खांदा भिजतोय माझा."

शेवटच्या दिवशी सकाळी हॉटेलचं बिल द्यायची वेळ आली. खोल्यांचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे होते. बाकीच्यांनी आदल्या संध्याकाळीच दिले होते, आणि तपासनीस मागे उरले होते ते हिशेब तपासायला. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. दोघंही दोघांना परकी असलेल्या इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे अगदी सावकाश आणि स्पष्ट बोलत होते. तपासनिसांनी बोट आपल्या चलनाकडे नेलं तशी ती मुलगी घुटमळली. सर, माफ करा, पण तुम्हीच मघाशी म्हणालात की तुमचं कार्ड शुल्क न घेणारं आहे, मग हे बटण कशाला, असं तिने विचारलं.

तपासनिसांनी तिला ग्राहकहिताची दोन वाक्यं ऐकवली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि मग समजावून सांगितलं. इथल्या चलनात दिले तर चलनबदल तुमची बँक करते, आणि तुमची बँक वर काही लावत नाही. तुमच्या चलनात दिले तर बदल हे मशीनवाले करतात. मग भाव ते ठरवतात, आणि त्यातच आपलं घेऊन ठेवतात. वेगळं शुल्क म्हणून ते कुठे दिसत नाही, एवढंच. ती पुढे म्हणाली की तुमची बहुतेक मंडळी तेच बटण दाबत होती, मला वाटलं तुमच्याकडे तशी पद्धत आहे.

तपासनिसांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी मोबाईल काढला, मशीनवरच्या दोन आकड्यांचा भागाकार केला, तो बँकेच्या भावाशी ताडून पाहिला, चष्मा पुसला आणि सगळं पुन्हा केलं. बायकोच्या जुन्या कार्डाने शुल्क म्हणून जेवढं गेलं असतं, त्याच्या जवळपास दुप्पट नुसतं भावातल्या फरकात गेलं होतं. एकदा नाही, आठवडाभर, आणि त्यांचं एकट्याचं नाही, बसभर माणसांचं. त्यांनी तिथल्या चलनाचं बटण दाबलं आणि बिल न तपासताच ते वळले. नोकरी लागल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं.

लिफ्टची वाट बघता बघता त्यांना एक पळवाट सुचली. पैज कार्डाची होती. कार्डाने शुल्क एक पैशाचंही घेतलं नव्हतं, मॅनेजरची सही खरी होती. गेला तो फरक, शुल्क नव्हे. आणि हे कळलं होतं फक्त त्यांना आणि त्या मुलीला, ती तर इथेच राहणार होती. कार्ड चोख, मशीन चोख. हे वाक्य मनाशी जुळवता जुळवता ते एकदम थबकले. असंच काहीतरी कोणीतरी काकुळतीला येऊन त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी पावती फाडली होती.

खोलीत बायको न्हाणीघरातल्या बेसिनवर त्यांचे मोजे पिळत होती. ओले बांधून न्यायचे नाहीत म्हणून ती जोर लावत होती, आणि दर पिळ्याला डाव्या हाताने उजवा खांदा चेपत होती. तपासनीस दारात उभे राहिले. त्यांना फार लाज वाटली.

विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी गाइडकडून माइक मागून घेतला. मंडळींनी आधीच टाळ्या वाजवल्या, बाईंनी तर आभाराचं भाषणही मनात तयार केलं होतं. तपासनिसांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मशीन काय करतं, भाव कोण ठरवतं, आणि आपल्यामुळे प्रत्येकाचे किती जास्त गेले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी न तपासता सांगितलं."

पुन्हा टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, जणू तेवढ्यात ते बंद पडलं होतं. ते भाचीसाठी होतं याचा त्यांना विसर पडला होता.

मागच्या सीटवरून किराणा दुकानदार उठला आणि वाकून नमस्कार करून म्हणाला, "म्हणजे पिशवीसकट तोललं, साहेब."

"पिशवीसकट," तपासनीस म्हणाले.

सगळी बस दुकानदाराकडे बघू लागली. बाईंनी विचारलं की तुमचे किती गेले. तो जरा संकोचला.

"माझे नाही गेले, बाई. मी सगळीकडे दुसरं बटण दाबलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि सांगितलं नाहीत?"

"छे हो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण साहेब जे सांगतात त्यात माझं नुकसान असतं, एवढं मला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून उलटं केलं."

आधी गाइड हसला. त्याला भाषा कळत नव्हती, दुकानदाराचा चेहरा पुरला. मग बस हसली, शेवटी बाईही हसल्या, आणि नंतर त्यांनी विमानतळ येईपर्यंत तपासनिसांना शिस्तीत फैलावर घेतलं. बस थांबली तेव्हा बायकोने फक्त हात पुढे केला, आणि त्यांनी खिशातून ते कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन घरात आलं. दुकानात दारापाशीच होतं, तेच तिने उचललं होतं. दुपारी तपासनीस स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. वरच्या पट्टीवर बटणांची रांग होती, आणि सोबत आलेलं पुस्तक चांगलं जाडजूड होतं. सुती कपड्यांचं कोणतं, पांढऱ्यांचं कोणतं, गरम पाण्याने वीज किती जाते, हे नीट समजून घेतल्याशिवाय हात लावू नकोस, असं बजावून त्यांनी पान पहिलं उघडलं. ते प्रस्तावना संपवून अनुक्रमणिकेवर पोचले असतील नसतील, तोच मशीन गुरगुरलं आणि काचेपलीकडे त्यांचे पांढरे सदरे गोल गोल फिरू लागले. ते ताडकन उठले.

"अगं, कोणतं दाबलंस?"

बायको खुर्चीत टेकून बसली होती. उजवा हात तिने नुसता मांडीवर ठेवला होता.

"आधी दिसलं ते," ती म्हणाली.

तपासनीस काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. सदरे पांढरेच दिसत होते.