टॉवेल जातुय, मालिका का न्हाय?

भगवानअण्णा वाघमोडे कुणाला भेटले की नमस्कार करत नाहीत. ते पुढे होऊन तुमच्या शर्टाचा कोपरा धरतात, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत घोळवतात, डोळे अर्धवट मिटतात आणि निकाल देतात. "लोकल." नाहीतर "सेकंड." फार क्वचित, मान एका अंगाला कलवून, "एक्स्पोर्ट." एवढं झालं की मग विचारतात, "बरं हाय न्हवं?"

आम्ही अक्कलकोट रोडच्या या कॉलनीत राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं. शेजारचे म्हणून अण्णा मदतीला आले आणि कपाट उचलायचं सोडून पडद्यांच्या गठ्ठ्याजवळ उभे राहिले. "सर, ह्ये पडदं पयल्या धुण्यात गुडघ्यापतुर येत्यात बगा." पडदे धुतले, वाळले, होते तेवढेच राहिले. मी अण्णांना बोलावून दाखवले. त्यांनी पुन्हा चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाले, "आजून नीट धुतलंच न्हाईत तुमी."

अण्णा मूळचे नातेपुत्याजवळच्या एका वाडीतले. घरी मेंढरं. मिसरूड फुटायच्या वयात सोलापुरात आले आणि एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात चिकटले, ते निवृत्त होईपर्यंत. तिथे मालाचे तीन भाग पडत. निर्दोष टॉवेल परदेशी जायचा, एखादा धागा सुटलेला 'सेकंड' म्हणून बाजूला पडायचा, उरलेला इथल्या बाजारात. कारखाना सुटला, पण या तीन ढिगाऱ्यांनी अण्णांना सोडलं नाही. कॉलनीतले लोक, लग्नातलं जेवण, पुढाऱ्यांची भाषणं, सगळ्याची ते मनातल्या मनात वर्गवारी करत असतात. एकदा मी नळाच्या पाण्याबद्दल विचारलं. म्हणाले, "माल हातात आला तर तपासायचा न्हवं? ते आलंच न्हाय की."

जगाचा भूगोलही त्यांना टॉवेलांवरून पाठ. अरबांना जाडजूड लागतो, अमेरिकेला भलामोठा लागतो. आणि जर्मनी? "राखाडी. कितीबी रंग दावा, शेवटी राखाडीवर येणार. लई गुमान मानसं." त्याच जर्मनीत त्यांची मुलगी सुरेखा लग्न होऊन गेली. जावई इंजिनिअर. अण्णांनी साखरपुड्यातच त्याच्या कोटाचा कोपरा धरला होता. निकाल सांगितला नाही, पण रंग उतरायच्या आत लग्न उरकून टाकलं.

आता अण्णांच्या पत्नी सुभद्राकाकूंविषयी. त्या अकलूजकडच्या. बोलणं ठसठशीत, हसणं त्याहून. अण्णांच्या वर्गवारीला कॉलनीत फक्त त्याच भीत नसत. "अवं, तुमाला सोताला कुटल्या ढिगात टाकायचं त्ये सांगा की आदी," असं चारचौघांत म्हणायच्या. अण्णा लगेच चष्मा पुसायला घ्यायचे.

काकूंना एका मालिकेचं वेड लागलं. टीव्हीवरची रोजची नव्हे, पैसे भरून बघायच्या ॲपवरची. ऊसपट्ट्यातल्या एका साखर कारखान्याचा चेअरमन, त्याच्या तीन सुना आणि घरातलं राजकारण. बोली थेट अकलूजकडची. "ह्यी थोरली न्हाय का, आक्षी आमच्या चुलतीगत बोलती," म्हणत काकू पुढे सरकून बसायच्या. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मालिका सुरू. अण्णा त्याच खोलीत, पण दाराकडे तोंड करून, हातात सकाळचाच पेपर. "सेकंड हाय समदं. चेअरमनचा फेटाबी सेकंड." मात्र काकू उतू जाणारं दूध बघायला आत गेल्या आणि परत येऊन "काय झालं वं?" म्हणाल्या, की पेपरमागून उत्तर यायचं, "धाकलीनं चाव्या चोरल्या. मधलीनं बगितलं. थोरलीला ठावं न्हाय." एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

पहिला भाग संपला तो धाकट्या सुनेवर. ती भर यात्रेतून गायब झाली. पळाली, पळवली, की नदीत ढकलली, काहीच न सांगता कंपनीने पाटी लावली: लवकरच दुसरा भाग. काकू चार घरं हिंडून चर्चा करून आल्या. अण्णा म्हणाले, "अर्धा माल पाठवून गिऱ्हाइकाला टांगून ठिवलंय."

दुसरा भाग यायच्या आधीच सुरेखाला दिवस राहिल्याचा फोन आला. बाळंतपणाला आईने यावं, खरं तर दोघांनीही यावं. अण्णा म्हणाले, "मी कशाला? माजं टॉवेल गेल्यात की तिकडं. घर कोण बगनार हितलं?" घर म्हणजे दोन खोल्या आणि तुळशीचं डबडं. पण गेल्या एकट्या काकूच. त्यांच्या बॅगा अण्णांनी बांधल्या. काय बांधल्या! विमानतळावरच्या माणसाने एक बॅग उघडून पाहिली आणि पुन्हा बंद करायला चौघे लागले, असं काकूंनी नंतर फोनवर सांगितलं. मुलगी झाली. सगळं नीट पार पडलं. कॉलनीभर पेढे झाले.

आणि मग दुसरा भाग आला.

काकूंनी तिकडे मोठ्या हौसेने टीव्ही लावला, सुरेखाने ॲप उघडून दिलं. मालिकेचं चित्र नाही, नाव नाही, काही नाही. पडद्यावर फक्त एक वाक्य. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आले. शर्टाचा कोपरासुद्धा धरला नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"सर, 'आपल्या देशात हा कार्यक्रम उपलब्ध नाही' म्हंजे काय वं?"

मी समजावलं. या कंपन्या स्वतःच्या मालिका काढतात, पण प्रत्येक देशात दाखवायचे करार वेगळे असतात. इथे दिसतं ते तिथे दिसेलच असं नाही. तिथलंही बरंच काही आपल्याकडे दिसत नाही.

"त्ये ऱ्हाऊ द्या. 'आपल्या देशात' म्हंजे कुनाच्या? तिचा देश ह्योच हाय की! ती काय तिकडची झाली का चार दिसांत?"

"तसं नाही अण्णा, माणूस ज्या देशात बसून बघतो तो देश धरतात."

"आन् माजा टॉवेल? त्यो हितं तयार हुतो, तिकडं जातो, जर्मन मानूस अंग पुसतो. त्याला कुनी म्हनत न्हाय, तुज्या देशात उपलब्ध न्हाय, वला ऱ्हा म्हनून. टॉवेल जातुय, मालिका का न्हाय?"

याचं उत्तर ॲपच्या कंपनीकडे असेल म्हणून अण्णांनी तिथे फोन लावला आणि साक्षीदार म्हणून मला बसवून घेतलं. बऱ्याच बटणांनंतर एक मराठी बोलणारी मुलगी आली. गोड आवाजात म्हणाली, "सर, ही मालिका तुमच्याकडे उपलब्ध आहे."

"त्ये मला ठावं हाय, बाळ. मी हितं हाय. आमची मंडळी तितं हाय."

"सर, त्या देशासाठी आमच्याकडे हक्क नाहीत."

"तुमच्याकडं नसतील. तिच्याकडं हाईत की. पयला भाग तिनं समदा बगितलाय. दूध उतू घालवून बगितलाय."

"सर, वितरणाचे हक्क म्हणते मी."

"बरं, फुडं काय झालं ह्ये बायकूला सांगायचा नवऱ्याला हक्क हाय का न्हाय?"

मग ती मुलगी म्हणाली, "सर, तुमची तक्रार मी पुढे पाठवते." अण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरगी एक्स्पोर्ट हाय. कंपनी लोकल."

जावयाने तिकडून मार्ग सुचवला. फोनमध्ये एक सोय टाकायची, की कंपनीला वाटतं आपण भारतातूनच बघतोय. अण्णांना वाटलं हे सरकारमान्य काहीतरी असेल. मी खरं काय ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे पेटी असनार जर्मनीत आन् वर लेबल सोलापूरचं? न्हाय सर. उभ्या जल्मात पेटीवर खोटं लेबल लावलं न्हाय मी. सायेबानं सांगितलं तरी लावलं न्हाय." जावई म्हणाला, अहो सगळेच करतात. अण्णा म्हणाले, "करू द्या. आमच्याकडनं हुनार न्हाय." जावयाची श्रेणी तेव्हा खाली आली असावी, असा मला संशय आहे.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. कारखान्यातून आणलेला, सूत गुंडाळायचा पुठ्ठ्याचा एक रिकामा कोन घरात पडून होता. तो टेबलावर उभा केला, त्याला रबराने मोबाईल बांधला, मोबाईलचं तोंड टीव्हीकडे. इकडे मालिका लावायची, व्हिडिओ कॉल करायचा, तिकडे काकू बघणार. मला बोलावून विचारलं, "ह्यात खोटं लेबल हाय का कुटं?" मी म्हटलं, शेजाऱ्याच्या खिडकीतून टीव्ही बघण्यापैकी आहे हे. अण्णांना ते पटलं. लहानपणी त्यांनी तसा पुष्कळ बघितला होता.

झालं. रोज दिवेलागणीला अण्णांच्या घरात कॉल सुरू. तिकडे तेव्हा दुपार असायची. ओट्यावरच्या गप्पांतून अण्णा त्या वेळेला ताडकन उठायचे, "चला, आमचं एक्स्पोर्ट हाय." लोक विचारायचे, "अण्णा, सून सापडली का?" तर हात वर करून म्हणायचे, "फुडं लई हाय. सांगत न्हाय." आमच्या सौभाग्यवतींनी दुसरा भाग केव्हाच संपवला होता, पण अण्णा त्यांचं कुठवर आलंय ते कळू देत नव्हते.

डिसेंबरात एका संध्याकाळी बायकोने धपाटी केली होती. चार अण्णांना देऊन ये म्हणाली. एकटा माणूस, काय करून खात असेल. त्या दिवसांत सोलापुरातही गारठा पडला होता. दार लोटलेलंच होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं.

खोलीत दिवा नव्हता. टीव्हीवर चित्र थांबवलेलं, यात्रेतली गर्दी जागच्या जागी गोठलेली. आवाज बंद. अण्णा खुर्चीत चादर कानापर्यंत लपेटून बसलेले आणि डोक्यावर पंखा पूर्ण वेगात खरखरत होता. मोबाईलचं तोंड टीव्हीकडे नव्हतं, ते त्यांनी स्वतःकडे वळवून घेतलं होतं. मी वाकून पाहिलं. मोबाईलवर काकू सोफ्यावर टेकून गाढ झोपल्या होत्या. छातीवर राखाडी टॉवेलात गुंडाळलेली नात, तीही झोपलेली.

"नात रातभर झोपू देत न्हाय तितं," अण्णा कुजबुजले. "हिला दुपारी घटकाभर मिळती. मालिका लावली की सुरवातीची नावं जायाच्या आत डोळा लागतो."

"रोज?"

"रोज."

"मग दुसऱ्या भागाचा कितवा एपिसोड चाललाय, अण्णा?"

"पयलाच की." त्यांनी चादर आणखी ओढून घेतली. "तिनं बगितल्याबिगर फुडं कसं जायाचं?"

सूनबाईंचं काय झालं, हे माझ्या बायकोला ठाऊक होतं, अण्णांना नव्हतं.

त्यांना हुडहुडी भरलेली दिसत होती. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला. अण्णा खुर्चीतून अर्धे उठलेच.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या! तिकडं पंखंच न्हाईत घरात. लई शांत. हिला त्या शांततेत झोप येत न्हाय. आपल्या पंख्याची खरखर आली कानावर की झोपती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिनं सांगितलं न्हाय. मला दिसलं त्ये. एक दिस हितली लाईट गेली, पंखा थांबला आन् ती दचकून उटली."

मी धपाटी टेबलावर ठेवली. पंख्याच्या वाऱ्याने त्यांच्यावरचा कागद फडफडायला लागला, तर अण्णांनी तो तळव्याने दाबून धरला. तिकडे बाळ चुळबुळलं. काकूंनी डोळे न उघडताच त्याला थोपटलं आणि झोपेतच विचारलं,

"काय झालं वं फुडं?"

अण्णा मोबाईलजवळ वाकले.

"काय न्हाय झालं. तू झोप."