स्प्रिंग, साखळी आणि सासूबाई

मोटारीची पुढची स्प्रिंग स्वतःच्या हातांनी बसवायची, हा निर्णय ड्रागिशाने पूर्ण शुद्धीत घेतला होता, हे आरंभीच नमूद केलेले बरे; कारण पुढे त्याबाबत वाल्येवो गावात बरीच मतभिन्नता निर्माण झाली.

ड्रागिशा शाळेत भूगोल शिकवत असे. दिवंगत सासऱ्यांची जुनी मोटार त्याने सारा हिवाळा खपून पुन्हा उभी केली होती. रविवारी त्याच मोटारीतून, स्वतः चालवत, लेक नेवेनाला लग्नासाठी चर्चमध्ये न्यायचे, असा शब्द त्याने तिला दिला होता. आता उरली होती केवळ एका चाकाची स्प्रिंग. ती बसली नाही, तर मेहुणा टोप्लित्सा आपली नवी पांढरी गाडी घेऊन सज्जच होता. (सज्ज हा शब्द सौम्य झाला. त्याने गाडीला फुलांचा हारसुद्धा मापून ठेवला होता.)

अंगठ्याएवढ्या जाड पोलादाची ती स्प्रिंग दाबल्याशिवाय जागेवर बसत नाही, आणि दाबली की तिच्यात चिडलेल्या घोड्याची लाथ साठते. म्हणून ड्रागिशाने तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर स्क्रूचे शिकंजे लावले, वेटोळ्यांतून साखळी ओवून ती गाडीच्या सांगाड्याला बांधली, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि भोवती खडूची रेषा आखली. रेषेच्या आत त्याच्याखेरीज कोणी नाही, हा नियम.

परंतु वाल्येवोत पान्याचा आवाज झाला की शेजारी येतात. मदतीला नव्हे, हजेरीला. शेजारचे स्वेतोझारकाका राकियाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची, बाटली आणि स्टूल घेऊन आले आणि नेमके रेषेवर बसले.

"काका, रेषेच्या बाहेर व्हा."

"बाहेरच आहे की मी. पाय तेवढे आत आहेत."

"पायही तुमचेच ना?"

"दाजी, एवढा थाट कशाला?" काकांच्या मागोमाग आलेला टोप्लित्सा म्हणाला. "सैन्यात आम्ही पहारीने एका झटक्यात बसवायचो."

"म्हणूनच तुझे पुढचे दोन दात नाहीत का?"

"तो विषय वेगळा आहे," टोप्लित्सा ओठ मिटून म्हणाला.

ड्रागिशाने काम सुरू केले. एक फेरा या शिकंज्याला, एक त्या. दोन्ही बाजू सारख्या. स्प्रिंग कुरकुरत आखडू लागली. काकांनी पाय आपणहून मागे घेतले. राकियाचा पेला टोप्लित्साच्या हातात तसाच राहिला.

आणि सासूबाई, म्हणजे स्तानाआजी, कॉफीचे तबक घेऊन गॅरेजमध्ये आल्या. त्यांनी स्प्रिंगकडे पाहिलेच नाही. मागची खिडकी पाहिली, पुढचे लोखंडी दार पाहिले आणि घामाने निथळणारा जावई पाहिला.

"अरे देवा! दोन्हीकडून उघडं! आरपार वारा चाललाय, आणि हा ओला चिंब!"

"आई, पेट्रोलचा वास जायला हवा. पुढे येऊ नका, स्प्रिंग दाबलेली आहे."

"स्प्रिंगने कोण मेलंय? माझा भाऊ वाऱ्याने गेला."

"आई, मामा ट्रॅक्टरखाली आला होता," टोप्लित्सा हळूच म्हणाला.

"त्या ट्रॅक्टरला काचा नव्हत्या!"

एवढे बोलून त्यांनी तबक ठेवले आणि बाहेर जाऊन ते अवाढव्य दार अंगातल्या सगळ्या ताकदीने लोटून दिले.

धडाऽम!

स्प्रिंग सुटली, याविषयी कोणाच्याच मनात शंका उरली नाही. काका बाटली पोटाशी धरून आडवे झाले. टोप्लित्सा टायरांच्या चळतीत शिरला. ड्रागिशाने सर्व शक्यतांचा विचार केला होता. पळायचे कोणीकडे, एवढा एकच राहिला होता. परिणामी धड उजवीकडे गेले, डोके डावीकडे पाहत राहिले, आणि मानेतून बारीकसा 'कट्' असा आवाज आला.

धूळ बसली. स्प्रिंग शिकंज्यांत शांत उभी होती.

मान मात्र परत येईना. तरीही ड्रागिशाने काम सोडले नाही. टोप्लित्साने डोळे पुरवले, ड्रागिशाने हात. जॅकने खालचा दांडा वर आला, बोल्ट आवळले गेले, शिकंजे पुन्हा एकेक फेऱ्याने सैल झाले. स्प्रिंग जागेवर बसली.

नेवेना धावत आली. "बाबा, बसली!"

"बसली, बाळा," ड्रागिशा भिंतीकडे पाहत सद्गदित होऊन म्हणाला.

रविवारी ती मोटार टोप्लित्साने चालवली. (ज्याला एकाच बाजूचे जग दिसते, त्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नये, यावर घराचे एकमत झाले.) गळ्याला लोकरी शाल गुंडाळून ड्रागिशा भर जुलैत लेकीजवळ मागे बसला. खड्ड्यांतूनही गाडी दुलईवरून जावी तशी गेली. पण चर्चपाशी व्याही उजवीकडे उभे, आणि वधूपिता ठाम डावीकडे पाहतोय.

"आमच्यावर नाराज आहेत का?" विहीणबाईंनी चिंतेने विचारले.

"छे हो! आरपार वारा लागलाय," सासूबाई म्हणाल्या.

"अरेरे!" सारे वऱ्हाड कळवळले. प्रत्येकाला आपापला वाऱ्याने गेलेला नातेवाईक आठवला. परतताना रणरणत्या उन्हात वरातीतल्या सगळ्या गाड्यांच्या काचा चढल्या. स्प्रिंगबद्दल एकानेही विचारले नाही.

ड्रागिशाला खरे कारण ओरडून सांगायचे होते. त्याने तोंड उघडलेही. मग सासूबाईंचे लक्ष नाही असे पाहून त्याने हात हळूच लांब केला, आणि आपल्या बाजूची काच वरपर्यंत नीट बसली आहे ना, हे चाचपून पाहिले.