नव्या खुणेच्या पोटातील दोन ओळी

श्रीजाळेश्वर समर्थ. शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सरे, जाळेराज्यात नव्या खुणेचा कज्जा जाहला, त्याची हकीकत ऐसी.

त्या राज्यी पाने खुणांनी लिहीत; एक खूण उघडे, एक मिटे, मधे शब्द; आणि ठाणोठाणी न्याहाळक नेमिले होते, ते खुणा पाहोन रयतेस पाने वाचून दाखवीत. आणि रिवाज ऐसा की अनोळखी खूण आली तर न्याहाळकाने कुरबुर न करिता ती सोडावी, मधले शब्द मात्र वाचावे. तेणेकरून कोणाचे पान कधी अडले नाही. ते दिवस मोठे मायेचे. मग हलत्या चित्राची खूण निघाली, आणि कारभारी विसाजीपंत यांनी दरबारी मांडिले की तिच्या पोटी शब्द नसावेत, ज्या न्याहाळकास ती न कळे त्याने पान कोरेच दाखवावे. चंपूबाई चिटणीस, मांडीवर तान्हे, हे ऐकोन कासावीस जाहली. तिची आई दूर ढवळठाण्यास, तेथील न्याहाळक नरसोजी जुन्या मनूतील. त्यांच्याच तोंडून पाने ऐकत चंपूबाई लहानाची मोठी जाहली होती. आता लेकराच्या रांगण्याचे हलते चित्र आईस धाडावयाचे, ते कोरे पोहोचणार. मग ती बोलिली, "पंत, चित्र सुखे धाडावे. परंतु खुणेच्या पोटी दोन साध्या ओळी राहो द्याव्या. नवा असेल तो चित्र दाखवील, जुना असेल तो ओळी वाचील."

पंत म्हणाले, "बाई, म्हाताऱ्यांपायी राज्याने किती दिवस रांगावे?"

"रांगते तेही घरचेच की, पंत."

दरबार हसला, पंतही हसले, आणि ठरले की ऐसे एक पान ढवळठाण्यास धाडावे. नरसोजी अडले तर पंतांचे खरे. मग पान गेले, आणि पंतांचा हरकारा पाहावयास समक्ष बसला. नरसोजींनी खूण पाहिली, ओळखिली नाही, रिवाजाप्रमाणे सोडिली, चित्र काही दिसले नाही, आणि मग घसा साफ करून मधले वाचू लागले, "आई, नातू उंबरठ्यापर्यंत रांगतो, आणि मागे वळोन पाहतो, कोणी येते की नाही."

चंपूबाईची म्हातारी आई पुढे सरकोन बसली. मग म्हणाली, "नरसोजी, पुन्हा वाचा हो."

आणि त्यांनी पुन्हा वाचिले. हरकाऱ्यापाशी नव्या चालीची पाटी होती, तीत ते चित्र हलते दिसते. ती त्याने काढिलीच नाही, तोही ऐकत बसला.

तात्पर्य, खूण मंजूर जाहली, पोटातील ओळींसह. पुढे ढवळठाणे उठले, नरसोजी निवर्तले. ओळी मात्र जाणती माणसे अद्याप लिहितात, कोठे कोणी जुना वाचणारा उरला असेल म्हणोन. इति.